‘याची किंमत किती येईल?’

धागा | #इतिहास #कोकण #पंकरॉक

१/
या खात्यावर नाणी, वीरगळ, मोडी कागद, जुनी छायाचित्रे अशा अनेक विषयांवर धागे झाले. विषय कोणताही असो, खाली पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, याची किंमत किती येईल?’ दुसरा : ‘असे ऑनलाइन कुठे मिळेल?’ वस्तू कोणी घडवली, कोणाच्या घरात होती, तिथून बाहेर कशी पडली, हे विचारणारा शंभरात एखादा. आजचा धागा त्या पहिल्या दोन प्रश्नांच्या विरोधात आहे. निमित्त मात्र तुमच्यापैकी पुष्कळांच्या आवडीचे घेतले आहे : पंक रॉक आणि त्याच्या जुन्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार.

२/
आधी स्वतःची फजिती सांगतो.

मी आरे-वाऱ्याला राहतो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे येणारा किनारी रस्ता डोंगर चढून वळला, की खाली दोन्ही किनारे एकदम उलगडतात आणि तिथे प्रत्येक गाडी थांबते. तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये ते छायाचित्र असेल. पावसाळ्यात गाड्या थांबतात, समुद्र खवळतो, आणि ज्याला शेती नाही त्याला रात्री करण्यासारखे फारसे उरत नाही. गेल्या आषाढात मी फोनवर सेक्स पिस्टल्सच्या वस्तू शोधत बसलो होतो. बिल्ले, पत्रके, तिकिटांचे तुकडे. एका विक्रेत्याकडे ‘१९७७ चे मूळ पत्रक’ साडेचार हजारांना होते. मी ते घेतले.

३/
पत्रक आले. कागद सुबक पिवळा पडलेला, कोपरे दुमडलेले, घडीच्या रेषा जागच्या जागी. भिंगाखाली धरले तेव्हा काळ्या अक्षरांच्या कडेला निळे, तांबडे, पिवळे बारीक शिंतोडे दिसले. काळ्या एकाच शाईत छापलेल्या पत्रकात रंग कुठून येणार? घरगुती इंकजेट यंत्रावर काढलेली ती प्रत होती. पिवळेपणा बहुधा चहाचा.

जाता जाता : अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला की तो नकली, असे अनेक व्हिडिओंत सांगतात. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची ती चमकणारी द्रव्ये १९५० च्या सुमारास वापरात आली. त्यामुळे ही खूण त्यापूर्वीचा म्हणवणारा कागद तपासायला उपयोगी. १९७७ च्या कागदाबाबत तिने काहीच सिद्ध होत नाही.

४/
सेक्स पिस्टल्स कोण, हे नव्या वाचकांसाठी थोडक्यात. १९७५ साली लंडनमध्ये जमलेली चार पोरे. वाद्ये जेमतेम येत होती, आणि ती जेमतेम येणे हाच त्यांचा जाहीरनामा होता. त्यांचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन आणि वेशकार व्हिव्हियन वेस्टवूड यांचे किंग्ज रोडवर ४३० क्रमांकाचे कपड्यांचे दुकान होते. बेकारी वाढलेल्या, थकलेल्या इंग्लंडात हे पोरगे राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षी राणीवरच उपहासाचे गाणे घेऊन उभे राहिले. बीबीसीने ते वाजवले नाही. तरी मे १९७७ अखेर निघालेली तबकडी विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

५/
त्या तबकडीचा जन्म बाजाराच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. १० मार्च १९७७ रोजी बकिंगहॅम राजवाड्यासमोर टेबल मांडून ‘ए अँड एम’ या कंपनीशी कराराचा देखावा झाला, आणि सहा दिवसांत कंपनीने करार मोडला. तोवर सुमारे २५,००० तबकड्या छापून झाल्या होत्या. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या नष्ट करण्यात आल्या, मोजक्या वाचल्या. पुढे ‘व्हर्जिन’ने तेच गाणे बाजारात आणले. वाचलेल्या ‘ए अँड एम’ प्रतींना आज हजारो पौंड मोजले जातात.

हीच कथा त्या तबकडीच्या नकला करणाऱ्यांचेही भांडवल आहे. दुर्मिळतेची गोष्ट जितकी ठाऊक, तितकी नक्कल फायद्याची.

६/
कपड्यांचे तर विचारूच नका. किंग्ज रोडच्या त्या दुकानातले कपडे थोड्या संख्येने बनत, शिवणीचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. २००८ साली खुद्द मॅक्लॅरनने, चित्रकार डेमियन हर्स्टने मोठ्या किमतीला घेतलेल्या अशा कपड्यांविषयी ते नकली असल्याचे जाहीरपणे म्हटले होते. ज्याच्या दुकानात कपडा विकला गेला त्याला खात्री देता येत नाही, आणि आपण फोनच्या पडद्यावर तीन छायाचित्रे पाहून ‘अस्सल’ म्हणतो!

७/
इथे कोणी म्हणेल, ‘फसवणूक झाली म्हणून तुम्ही चिडलात.’ चिडलो, पण माझा आक्षेप नकली वस्तूवर थांबत नाही. समजा ते पत्रक अस्सल असते. तरी मला त्याबद्दल काय कळले असते? ते कोणत्या गावी वाटले गेले, कोणी घरी नेले, चाळीस वर्षे कोणत्या कपाटात राहिले? विक्रेत्याने यांतले काहीही लिहिले नव्हते. मी विचारल्यावर उत्तर आले : ‘हंड्रेड परसेंट ओरिजिनल, फास्ट शिपिंग.’

पुरातत्त्वाच्या पहिल्याच पाठात शिकवतात, की खापर कोणत्या थरात सापडले ते माहीत नसेल तर खापराचे मोल निम्म्याहून कमी होते. पत्रक, बिल्ला, कॅसेट यांना तोच नियम लागू आहे. त्यांचा थर म्हणजे माणसे.

८/
पंकच्या बाबतीत हे अधिकच खरे, कारण त्या वस्तू मुळात टिकण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. जुलै १९७६ मध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने ‘स्निफिन् ग्लू’ हे पत्र काढले. टंकलेखन यंत्र, जाड टोकाचा पेन आणि झेरॉक्स, एवढीच सामग्री. जेमी रीडने पिस्टल्सच्या वेष्टनांसाठी वर्तमानपत्रांतली अक्षरे कापून चिकटवली, खंडणीच्या चिठ्ठीसारखी. कोणालाही करता येईल, हाच त्या कामाचा अर्थ होता. त्या झेरॉक्सला काचेच्या चौकटीत घालून ‘एकमेव प्रत’ म्हणून विकणे म्हणजे त्या अर्थावर नेमके पाणी ओतणे.

९/
याचा संताप एकाला आला होता. २६ नोव्हेंबर २०१६. पिस्टल्सच्या पहिल्या तबकडीला चाळीस वर्षे झाली म्हणून लंडनमध्ये वर्षभर सरकारी पाठबळाने सोहळे चालू होते. त्या दिवशी मॅक्लॅरन आणि वेस्टवूड यांचा मुलगा जो कोरे याने थेम्स नदीतल्या नावेवर आपला पंक वस्तूंचा संग्रह पेटवला. संग्रहाची किंमत त्याच्या म्हणण्यानुसार पन्नास लाख पौंड. बंडाची वस्तू संग्रहालयाची शोभा झाली, याचा तो निषेध होता.

त्याचा राग मला कळतो. त्याची कृती मला मान्य नाही. जळाले ते बाजाराचे भांडवल नव्हे. बाजार उरलेल्या वस्तूंचे भाव वाढवून मोकळा झाला असेल. नाहीसा झाला तो पुरावा.

१०/
आरे-वाऱ्याहून गणपतीपुळे ओलांडून पुढे गेले की मालगुंड. केशवसुतांचे जन्मगाव. जुने ते जाळायला निघालेला ‘तुतारी’चा कवी, आणि त्याचे घर मात्र आज सारवून, कौले नीट बसवून जपलेले! कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे उभारलेले स्मारक १९९४ पासून लोकांसाठी खुले आहे. मला यात विसंगती वाटत नाही. तिथे गेलेल्या मुलाला हे घर कोणाचे, त्या कवीने काय लिहिले, कशाविरुद्ध लिहिले, हे भिंतीवर वाचायला मिळते. बंडखोराचे घर जपता येते, बंडाची गोष्ट पुसली नाही म्हणजे झाले. जो कोरेच्या नावेवर आणि विक्रेत्याच्या यादीत नेमकी हीच गोष्ट नाहीशी होते; एकीकडे आगीत, दुसरीकडे ‘फास्ट शिपिंग’मध्ये.

११/
आता कळीचा मुद्दा. त्याच विक्रेत्याची उरलेली यादी मी चाळली. पितळी दिवे, फिल्मी पोस्टरे, आणि मधेच एक नोंद : ‘विंटेज ट्रायबल म्युझिक मॅन्युस्क्रिप्ट, कोकण, सिंगल लीफ’. छायाचित्र मोठे केले. एकेरी रेघांच्या वहीचे पान, जांभळी शाई, डोक्यावर ‘गण’, खाली ‘गौळण’, आणि तळाशी आमच्यापासून फार लांब नसलेल्या एका वाडीचे नाव. अशी आठ पाने, प्रत्येक वेगळे विकायला, प्रत्येकी नऊशे रुपये.

जाखडीची चोपडी होती ती. वही उसवून पाने सुटी केली होती, कारण सुट्या पानांचे मिळून जास्त येतात.

१२/
कोकणाबाहेरच्या मित्रांसाठी जाखडी समजावून सांगायला हवी, आणि इथे मी घाई करणार नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीच्या दिवसांत वाडीवाडीतून जे नाच मंडळ उभे राहते, त्याचा हा खेळ. मध्यभागी ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे गोल धरतात. मुंबईत याला ‘बाल्या नाच’ म्हणत. कानात बाळी घालणाऱ्या, घरकाम करणाऱ्या कोकणी गड्यांना शहराने ठेवलेले ते नाव, आणि त्यात हेटाळणी होती, हे विसरू नये.

यात दोन घराणी : शक्तिवाले आणि तुरेवाले. एक प्रकृतीची, आदिमायेची बाजू लढवतो, दुसरा पुरुषाची, शिवाची. सामना लागला की एका शाहिराने पुराणातले कोडे टाकायचे, दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यायचे, आणि उत्तराबरोबर समोरच्याची यथेच्छ टर उडवायची. पहाटेपर्यंत चालणारा हा वाग्युद्धाचा प्रकार ज्याने ऐकला, त्याला पंकच्या शिव्यांचे फार अप्रूप वाटत नाही.

१३/
गिरण्यांत गेलेल्या चाकरमान्यांनी हा खेळ मुंबईला नेला. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांना गर्दी होई. शंभरी गाठलेले ते नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. त्या सामन्यांची हस्तपत्रके रंगीत पातळ कागदावर छापत : वर गणपती, खाली दोन शाहिरांची नावे समोरासमोर, मध्ये ‘विरुद्ध’, आणि तिकिटाचा दर. पुढे कॅसेटी आल्या. लंडनच्या कोणत्याही क्लबाच्या पत्रकाहून ही पत्रके मला कमी देखणी वाटत नाहीत. ती गेली कुठे? बरीचशी पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर, आणि घर नव्याने बांधायला काढले की माळा रद्दीवाल्याकडे.

आणि चोपडी? तिच्यातल्या रचना शाहीर सहसा दुसऱ्याला दाखवत नसे. प्रतिपक्षाला उत्तर आधी कळले तर सामना हरला. म्हणून तिच्या प्रती झाल्या नाहीत. पंकचे पत्र झेरॉक्सवर शेकड्यांनी निघाले, एक गेले तर दुसरे आहे. चोपडी एकच असते.

१४/
‘विक्रेत्याने उचलली नसती तर वही लगद्यात गेली असती,’ हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. जमवणाऱ्यांची ती लाडकी ढाल आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. भारतातल्या जुन्या ध्वनिमुद्रिका आज ऐकायला मिळतात, त्यामागे कोणत्या सरकारी खात्यापेक्षा चोरबाजारात पायपीट करणारे हौशी लोक अधिक आहेत. पण त्यांनी काय केले ते पाहा. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले, तबकड्यांचे क्रमांक, कलावंत, मुद्रणाचे तपशील छापले, सभा घेऊन तबकड्या लोकांना ऐकवल्या. खरेदी त्यांनीही केली. खरेदीनंतर ते लिहायला बसले, एवढाच फरक, आणि तोच सगळा फरक.

१५/
विलायतेतही असे झाले आहे. जॉन सॅव्हेज याने पंकचा इतिहास सांगणारे ‘इंग्लंड्स ड्रीमिंग’ हे पुस्तक १९९१ मध्ये लिहिले. त्यासाठी जमवलेली मुलाखतींची व कागदांची सामग्री लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठात अभ्यासकांसाठी ठेवली आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘रायट गर्ल’ या १९९० च्या दशकातल्या पंक स्त्रियांच्या चळवळीचे कागद आहेत. तिथे एक झेरॉक्स पत्र उघडले, तर ते कोणाकडून आले हे सोबत कळते.

१६/
आपल्याकडे पंकला सर्वांत जवळचे काय, असा प्रश्न नेहमी येतो. कोणी मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’चे नाव घेईल, कोणी सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या १९७० व १९७१ च्या तबकड्यांचे. परदेशी संग्राहक त्यांच्या मागे असतात हे खरे. मी मात्र १९४४ कडे बोट दाखवीन : अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक. नाट्यगृह नको, पडदा नको. डफ, तुणतुणे आणि कामगार वस्तीचा चौक. पिस्टल्सच्या तीस वर्षे आधी. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, दीड महिन्याच्या अंतराने गेले.

१७/
आणि त्याच परंपरेतले विलास घोगरे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी या शाहिराने मुलुंडच्या आपल्या झोपडीत आयुष्य संपवले. त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो, कारण आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये त्यांना गाताना टिपले होते, आणि पुढे चौदा वर्षे काम करून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ केला. कोण गातो आहे, कुठे, कशासाठी, हे सारे आवाजाबरोबर राहिले. उद्या त्यांची एखादी कॅसेट ‘रेअर प्रोटेस्ट टेप’ म्हणून विकायला आली, आणि घेणाऱ्याला रमाबाई नगर ठाऊक नसले, तर त्याने नेमके काय विकत घेतले?

१८/
कायद्याचे दोन शब्द, कारण हेही वारंवार विचारले जाते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सर्वसाधारण वस्तूला शंभर वर्षे, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखिताला ७५ वर्षे झाली की ती पुरावस्तू ठरू शकते. तशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे आजोबांच्या चोपडीचे पान विकताना कायदा आड येऊ शकतो. १९८० ची कॅसेट आणि सामन्याचे हस्तपत्रक मात्र या कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत. तिथे राखण तुमची-आमचीच.

१९/
म्हणून, घरी ट्रंक असेल तर विक्रीच्या यादीआधी एवढे करा. वही उसवू नका. पानांची दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात, क्रमाने छायाचित्रे घ्या. कोरी पानेही, त्यांवर हिशेब आणि फोन क्रमांक असतात. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून विचारा : कोणाची, कोणत्या वर्षी, शक्ती की तुरा, चाल कोणती. बोलणे फोनवर मुद्रित करा, सुरुवातीला गाव आणि तारीख स्वतःच्या तोंडाने बोला. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कटाक्षाने टाळा. बुरशी आलेली कॅसेट लगेच यंत्रात घालू नका, फीत आणि यंत्र दोन्ही जातील. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून उभे आहे. अशा संस्थेत जाऊन किमान प्रत ठेवता येईल का, ते विचारा. नकार मिळाला तर दुसरीकडे विचारा.

यानंतरही विकायचेच असेल तर विका. गरज सगळ्यांना असते, आणि ट्रंक विकणाऱ्या गरिबावर माझा रोख नाही. रोख आहे तो वही फाडणाऱ्यावर, आणि फाडलेले पान ‘स्वस्तात मिळाले’ म्हणून स्टोरी टाकणाऱ्या आपल्यासारख्यांवर.

२०/
‘आपल्यासारख्यांवर’ असे म्हणालो, कारण त्या आठांपैकी एक पान मी घेतले. तळाशी वाडीचे नाव होते तेच. बाजाराविरुद्ध लिहिणाऱ्याने बाजारात नऊशे रुपये टाकले. यावर खाली जे काही म्हणाल ते ऐकून घेईन.

पान घेऊन त्या वाडीत गेलो. मंडळाचे एक जुने शाहीर, वय ऐंशीच्या पुढे, ओटीवर सुपाऱ्या फोडत बसले होते. चष्मा लावून त्यांनी पान लांब धरले, दोन ओळी पुटपुटल्या आणि परत माझ्या हातात दिले. ‘बाळा, नाव आमच्या वाडीचं हाय, पन चोपडी आमची नाय. आमी शक्तीवाले. ही तुरेवाल्याची. आमच्यावर रचलेली हाय, म्हनून नाव घातलान.’

म्हणजे विक्रेत्याचे ‘ट्रायबल’ खोटे, आणि ‘या वाडीची चोपडी’ हा माझा निष्कर्षही खोटा. तळाचे नाव मालकाचे नव्हते, शत्रूचे होते.

२१/
मग ते हसले, आणि त्या जुन्या टोमण्याला तेव्हा काय उत्तर दिले होते ते त्यांनी सुपारी बाजूला ठेवून म्हणून दाखवले. सात मिनिटे वीस सेकंद. मुद्रण माझ्याकडे आहे, सुरुवातीला गाव आणि तारीख बोललो आहे, त्यांच्या घरी एक प्रत दिली आहे. त्यांनी प्रतिपक्षाच्या शाहिराचे नाव आणि गावही सांगितले. तिथे अजून जायचे आहे.

उरलेल्या सात पानांचा क्रम लावता यावा म्हणून काल पुन्हा ती यादी उघडली. चार पानांपुढे ‘सोल्ड’ लिहिले आहे. कोणाला, ते विक्रेता सांगत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे एकेरी रेघांचे, जांभळ्या शाईचे, डाव्या बाजूला शिवणीची तीन भोके असलेले पान आले असेल, तर ते मला विकू नका. दोन्ही बाजूंची छायाचित्रे तेवढी पाठवा.